रोजच्या फिरण्याला पिकअप घ्यावी का? खानदेशातल्या एका शेतकरी-दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: एरंडोल तालुक्यात बागायती शेती, गावात खते-बियाण्यांचं दुकान, घरात पाच माणसं. रोजचं फिरणं पन्नासेक किलोमीटर, त्यात आठवड्यातून दोन-तीनदा जळगाव. जुनी कार विकून एकच गाडी ठेवायची आणि ती पिकअप असावी असा विचार आहे. बोलेरो कॅम्पर, इसुझुची एस-कॅब, व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स की सरळ सिंगल केबिनची पिकअप?

नावं जरा बाजूला ठेवा, आधी कॅलेंडर घ्या. महिन्यातले किती दिवस गाडी भरून धावणार आणि किती दिवस रिकामी? पिकअप घेताना जो तो भरलेल्या दिवसाचा हिशेब करतो, त्रास मात्र रिकाम्या दिवशी होतो. याचं मूळ मागच्या पाट्यांत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत आहे. कारच्या मागच्या स्प्रिंगा चार-पाच माणसांच्या वजनाला जुळवलेल्या असतात. पिकअपच्या मागे पाट्यांचा गठ्ठा असतो आणि तो मालाच्या वजनासाठी बांधलेला असतो. हौदा रिकामा असला की हे पाटे नीट दबतच नाहीत. गतिरोधकावर मागचा भाग उडतो, वळणावरच्या खड्ड्यात मागचं चाक बाजूला सरकतं, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं पुढच्यांच्या आधी घसरतात. जितकी जास्त टनांची गाडी, तितकी ती रिकामी असताना कडक. म्हणून 'कधीमधी लागेल' म्हणून दीड-दोन टनांची गाडी घेणं हा रोजच्या वापरासाठी सगळ्यात महाग निर्णय ठरतो, शोरूमचा भाव कमी असला तरी.

ढोबळ मानाने तुमच्यासमोर तीन जाती आहेत.

पहिली, सिंगल केबिनची कामाची पिकअप: महिंद्रा बोलेरो पिकअप आणि बोलेरो मॅक्स, टाटा योद्धा, टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त. वजनक्षमता सव्वा-दीड टनापासून दोन टनांपर्यंत, हौदा आठ ते दहा फूट. माल वाहायला यांना तोड नाही. पण चालकासोबत एक, फार तर दोन माणसं. पाच माणसांच्या घराची एकुलती एक गाडी म्हणून हा पर्याय इथेच संपतो. केळीचा माल, कापसाच्या गोण्या, कांदा रोज वाहायचा असेल तर ही गाडी घ्या आणि घरासाठी एखादी जुनी छोटी कार ठेवा. दोन्ही मिळून खर्च एका चकचकीत डबल केबिनपेक्षा बराच कमी येतो.

दुसरी, डबल केबिनची कामाची गाडी: बोलेरो कॅम्पर, योद्धाची क्रू केबिन, इसुझुची एस-कॅब. पाच माणसं बसतात आणि मागे साधारण पाच फुटांचा हौदा उरतो. कॅम्परचं इंजिन २,५२३ सीसीचं, पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आसपास. एस-कॅबचं २.५ लिटरचं, ७८ अश्वशक्तीचं. कागदावर दोन्ही सारखी वाटतात. एस-कॅब लांब आणि बसायला ऐसपैस आहे, हायवेवर स्थिर चालते. कॅम्पर तोकडी आणि उंच, शिवाररस्त्यावर आणि गावच्या गल्लीत जास्त कामाची. शिवाय तिचे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बुश, पाटे तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतात आणि ती खोलू शकणारा मिस्त्री दर मोठ्या गावात असतो. ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर या एका गोष्टीपुढे बाकीची तुलना फिकी पडते.

तिसरी, हौसेची आणि घरची: व्ही-क्रॉस आणि हायलक्स. व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटर, १६३ अश्वशक्ती, ३६० न्यूटन-मीटर टॉर्क. हायलक्सचं २.८ लिटर, २०४ अश्वशक्ती, मॅन्युअल गिअरला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. दोन्ही सव्वापाच मीटरपेक्षा लांब. गाड्या उत्तमच आहेत, त्यात वाद नाही. पण मागे यांनाही पाटेच आहेत, त्यामुळे तेवढ्याच किमतीच्या एसयूव्हीसारखी मागची सीट मऊ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि रुबाब पाहून वाटतं तेवढा माल त्या उचलत नाहीत. पासिंगवरची त्यांची वजनक्षमता कामाच्या पिकअपच्या बरीच खाली आहे.

आता वजनाचं गणित, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. ब्रोशरवर लिहिलेली वजनक्षमता ही फक्त मालाची नसते, माणसंही त्यातच मोजायची. आरसीवर दोन आकडे असतात, गाडीचं रिकामं वजन आणि भरून होणारं कमाल वजन. समजा, एखाद्या डबल केबिनचं रिकामं वजन १,९०० किलो आणि कमाल वजन २,९०० किलो आहे. फरक १,००० किलो. त्यात पाच माणसं सत्तर किलोने धरली तर ३५० गेले, उरले ६५०. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, म्हणजे चौदा गोण्या. डीएपीची पन्नास किलोची धरली तर तेरा. एकटा चालक असेल तर युरियाच्या वीस गोण्या म्हणजे ९०० किलो जेमतेम बसतात. तुमच्या दुकानाचा घाऊक माल वितरकाच्या ट्रकने दुकानात येत असेल आणि तुम्हाला फक्त पाच-दहा गोण्या शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचवायच्या असतील, तर डबल केबिन पुरते. आठवड्यातून दोनदा टन-दीड टन माल स्वतः उचलायचा असेल तर पुरत नाही, आणि ओढूनताणून पुरवायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतात.

वजनापेक्षा आकार आधी आडवा येतो अशा वस्तूही आपल्याकडे बऱ्याच. कापूस हलका असतो. पाच फुटांच्या हौद्यात तो भरून नेणं म्हणजे डिझेल जाळणं. ठिबकच्या नळ्या गुंडाळीत येतात, त्या बसतात. पीव्हीसीचे पाइप वीस फुटी असतात आणि ते दहा फुटांच्या हौद्यातही मावत नाहीत, निम्मे बाहेर लोंबतात. गाडीच्या बॉडीबाहेर आलेल्या मालालाही २०,००० रुपयांचाच दंड आहे आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो पाइप दिसत नाही. पाइप विक्रेत्याच्या गाडीनेच मागवा, भाडं बिलात धरून घासाघीस करा.

पाटीचा रंग हा विषय लोक शेवटी विचारतात. तो बुकिंगच्या आधी विचारायचा. कॅम्पर, एस-कॅब, योद्धा या मालवाहू म्हणून नोंदवल्या जातात, म्हणजे पिवळी पाटी. व्ही-क्रॉस आणि हायलक्स खासगी म्हणून पांढऱ्या पाटीवर मिळतात. आरसीवर वाहनाचा वर्ग काय पडणार, हे विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या. 'नंतर बघू साहेब' हे उत्तर चालवून घेऊ नका. धुळे एमएच १८, जळगाव एमएच १९, नंदुरबार एमएच ३९, आरटीओ कार्यालय कोणतंही असो, वर्ग एकदा पडला की बदलायला जोडे झिजतात.

पिवळ्या पाटीने रोजच्या आयुष्यात काय बदलतं? नव्या गाडीला पहिली दोन वर्षं पासिंग असतं. त्यानंतर आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस करावं लागतं. ते चुकलं तर अपघातात विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. परवान्याचं सोपं आहे: कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही, त्यावर लागतं. म्हणून आरसीवर २,९९० आहे की ३,१०० हे बघणं महत्त्वाचं. चालकाच्या लायसनची भीती बाळगू नका. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मालवाहू गाडीला ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक येतो. चौपदरी झालेल्या त्रेपन्न नंबरच्या हायवेवर धुळ्याकडे जाताना मागून कार भराभर पुढे जातील आणि तुम्ही ऐंशीवर टेकून राहाल. रोजच्या एरंडोल-जळगावसाठी हे काहीच नाही. महिन्यातून दोनदा पुण्याला मुलांकडे जायचं असेल तर तेच डोकेदुखी होईल. टोलही व्यावसायिक हलक्या वाहनाचा, म्हणजे कारपेक्षा जास्त. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास, ज्यात २०० फेऱ्या मिळतात, तो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे. पिवळ्या पाटीला नाही.

याच्या उलट बाजूही आहे. तुमच्या दुकानाला जीएसटी नंबर असेल तर धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे दुकानाच्या भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतो, घरच्या कारवर मिळत नाही. मालवाहू वाहनांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाखांच्या आतबाहेर असलेल्या गाडीत ही रक्कम लहान नाही. गाडी कोणाच्या नावावर, दुकानाच्या की तुमच्या, हे त्यामुळे सीएला विचारून ठरवा आणि बिल त्याच नावाने घ्या.

सुरक्षेचा मुद्दा कोणी शोरूममध्ये काढत नाही. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅगची सक्ती आहे ती प्रवासी गाड्यांना. मालवाहू वर्गात ती लागू होत नाही. त्यामुळे लेकराबाळांना घेऊन फिरायची गाडी म्हणून डबल केबिन बघताना एअरबॅग किती, मागे तिघांनाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, हे त्या ठरावीक मॉडेलचं विचारा. हायलक्सला सात एअरबॅग आहेत. किमतीतल्या फरकाचा मोठा वाटा अशाच गोष्टींचा असतो, निव्वळ बॅजचा नाही.

आणि हौद्यात माणसं. कापूस वेचणीला, निंदणीला, केळीच्या कामाला मजूर बायांना हौद्यात उभं करून नेणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसवलेल्या प्रवाशाला विमा संरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात विमा कंपनी जबाबदार नाही असं सांगितलं आणि तेव्हापासून हीच भूमिका चालत आली आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत जाऊ शकतो, पण केबिनमध्ये आणि आरसीवरच्या आसनसंख्येच्या आत. हौद्यात दहा बाया असताना गाडी उलटली तर दहा कुटुंबांची भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. पाटी पांढरी असली तरी हौद्याच्या बाबतीत फरक पडत नाही. मजुरांसाठी प्रवासी परवान्याची गाडी सांगा.

डिझेलचा हिशेब लहान आहे. रोज ५० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,२५० किलोमीटर. डबल केबिनने ११ चा अॅव्हरेज दिला तर ११४ लिटर. डिझेल कारने १६ चा दिला तर ७८ लिटर. फरक ३६ लिटर, नव्वदच्या भावाने महिन्याला सव्वातीन हजारांच्या आसपास. हे पैसे तुम्ही हौद्यासाठी भाडं म्हणून देताय असं समजा. महिन्यात पिकअप भाड्याने सांगायचा खर्च याहून कमी असेल तर कार ठेवणंच शहाणपणाचं.

या सगळ्यावरून माझं मत: पाच माणसं, दुकानाच्या पाच-दहा गोण्या, पन्नास किलोमीटर आणि शिवाररस्ता या वापराला कॅम्परच्या जातीची गाडी बसते. लांबचा प्रवास महिन्यातून दोनदाहून जास्त असेल आणि शेतरस्ता बरा असेल तर एस-कॅब बघा, पण सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती किलोमीटरवर आहे ते आधी मोजा. व्ही-क्रॉस आणि हायलक्स हौस म्हणून घ्या, खत वाहायच्या गणितात त्या बसवू नका. पंचवीस लाखांच्या पुढे गेलेल्या गाडीच्या हौद्यात पोटॅशची गोणी फुटली की मालकाचं तोंड बघवत नाही.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ देणारी गाडी हवी का, हा प्रश्नही ओघाने येतोच. खानदेशात बहुतेकांना नको. तोरणमाळला डांबरी रस्ता आहे, साधी गाडी जाते. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट अरुंद आणि वळणांचा आहे, पण तिथे लागतो तो चांगला ब्रेक आणि योग्य गिअर, चारही चाकांची ओढ नव्हे. उरलं काळं रान. पाऊस पडल्यावर काळी माती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि मग दोन चाकं ओढताहेत की चार याला फारसा अर्थ राहत नाही. चारही एकत्र रुततात. मोठ्या पावसानंतर दोन दिवस गाडी रानात घालायची नाही हा नियम पाळा, आणि पुढे-मागे ओढायचे हुक व एक जाड पट्टा गाडीत ठेवा. ट्रॅक्टर कुठेतरी जवळ असतोच. फोर बाय फोर घेतलीच तर कोरड्या डांबरावर ती जोडून चालवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सुटायला जागा मिळत नाही आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारा गिअरचा डबा) आणि जॉइंट यांच्यावर येतो.

रिकामी पिकअप शहाणी करण्याचे दोन उपाय आहेत आणि दोन्ही जवळजवळ फुकट आहेत. एक, हवा. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. पंक्चरवाला सगळीकडे भरलेल्याचीच मारतो, कारण त्याला माल दिसतो, तुमचा रोजचा वापर दिसत नाही. रिकामी असताना मागच्या टायरात रिकाम्याचा आकडा ठेवा, उड्या बऱ्याच कमी होतील. माल भरायच्या आधी मात्र पुन्हा वाढवा. कमी हवेवर टन टाकला तर टायरची कड तापते, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना ती फुटते. छोटा बारा व्होल्टचा पंप आणि दाब मोजायचं मीटर गाडीत ठेवलं की हे सहज जमतं.

दुसरा उपाय पावसाळ्यापुरता: वाळूच्या तीन गोण्या, प्रत्येकी चाळीस-पन्नास किलोच्या. त्या मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा थोड्या पुढे ठेवायच्या आणि बांधायच्या. फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराला टेकवून, आसाच्या मागे ठेवल्या तर तरफ होऊन पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. माल भरतानाही हेच: जड गोण्या केबिनच्या पाठीला लावून सुरू करा आणि मागे हलक्या होत या.

घाटात ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. औट्रम घाटात किंवा कोंडाईबारीला भरलेली पिकअप ब्रेकवर उतरवली तर मागचे ड्रम तापतात, लायनर पकड सोडतो आणि पेडल खाली जातं. मग सगळा भार पुढच्या डिस्कवर. घाट संपल्यावर किंवा लांब हायवे कापल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर तसंच चालू द्या, टर्बोचं बेअरिंग थंड व्हायला तेल फिरावं लागतं.

पाटा वाढवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. नवी गाडी आली की आठवड्यात मागे एक-दोन पाटे चढवून घ्यायचे. रोजच्या वापराच्या गाडीला हे अजिबात करू नका. कडकपणा वाढतो हे झालंच, खरा धोका ब्रेकचा आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि आस यांच्यातलं अंतर एका छोट्या काडीने मोजून तो मागच्या ब्रेकला किती तेल द्यायचं ते ठरवतो. माल भरला, चासी खाली आली, की मागचा ब्रेक वाढतो. पाटा वाढवल्यावर माल भरूनही चासी खाली येत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा मिळतो. जुनी गाडी घेताना ही काडी वाकडी करून किंवा तारेने बांधून ठेवलेली सापडते. सापडली तर तो सौदा सोडा, किंवा मूळ पाटे आणि व्हॉल्व्ह बसवायचा खर्च किमतीतून वजा करा.

देखभालीत कंपनीचं वेळापत्रक आहेच, पण ते खानदेश बघून लिहिलेलं नाही. एअर फिल्टर दर दोन-तीन हजार किलोमीटरला काढून झटका, हंगामात त्याहून लवकर. जिनिंगच्या आवारात आणि कापसाच्या रस्त्यावर गाडी फिरत असेल तर तंतू आणि धूळ रेडिएटरच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत बसतात. वरून दिसत नाहीत, कारण ते दोन्हींच्या मधल्या फटीत साचतात. एसी गार करेना म्हणून लोक गॅस भरून घेतात आणि महिन्याने पुन्हा तेच. आधी मधली फट धुवा, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या दाबाच्या पाण्याने. वॉशिंग सेंटरची तोफ जवळून मारली तर जाळीचे पत्रे आडवे होतात. कूलंटमध्ये उन्हाळ्यात नुसतं पाणी टाकत राहिलात तर आतून गंज धरतो. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच मिश्रण टाका.

खताच्या दुकानदाराने हौद्याची विशेष काळजी घ्यावी. युरिया हवेतलं पाणी ओढतो, पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि दोन्ही मिळून पत्रा खातात. सांडलेलं खत झाडून काढा, मग धुवा. नुसतं पाणी मारलं तर खताचा रस सांध्यात जाऊन बसतो. रबरी मॅट टाकली असेल तर महिन्यातून एकदा उचलून खाली बघा. कीटकनाशकं केबिनमध्ये, मागच्या सीटखाली ठेवायची नाहीत. हौद्यात कुलपाची लोखंडी पेटी बसवून घ्या. ज्या हौद्यात ती औषधं, त्यात त्याच दिवशी दुधाचे कॅन नकोत.

खालून बघायच्या गोष्टी: प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या आसाकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि पाट्यांच्या टोकाचे शॅकल यांना निप्पल असेल तिथे ग्रीस, पावसाळ्यात चिखलातून गाडी गेली असेल तर मुदतीची वाट न बघता. चालू गिअरमध्ये अॅक्सिलेटर सोडून परत दाबताना 'टक्' असा आवाज आला तर क्रॉस गेला समजा. तो तसाच वापरला तर शाफ्ट थरथरतो आणि गिअरबॉक्सचं मागचं सील फाडतो. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर आसाचं सील गेलं आहे, आणि ते तेल लायनरवर पडलं की त्या चाकाचा ब्रेक गेला.

बीएस-६ गाड्यांत धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. गाव-शेत-दुकान एवढंच, तीन-तीन किलोमीटरचं चालवलं तर तो काजळीने भरतो. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की दुर्लक्ष न करता गाडी हायवेवर काढा आणि सलग वीसेक मिनिटं साठच्या पुढे, एकसारखी चालवा, म्हणजे आतली काजळी जळते. तुमची जळगावची फेरी इथे आपोआप कामी येते. डिझेल मात्र पंपावरूनच. शेतातल्या ड्रममधलं ओतलं तर तळाचं पाणी कॉमन रेलच्या इंजेक्टरपर्यंत जातं आणि तो खर्च वर्षभराच्या डिझेलच्या बचतीला पुरून उरतो. आणि गोदामाशेजारी गाडी लावत असाल तर उंदीर वायरिंग कुरतडतात. बॉनेट रात्री उघडं ठेवणं, खालून बारीक जाळी बसवणं, गोण्यांपासून लांब लावणं, यांतलं जमेल ते करा.

जुनी गाडी बघायची ठरली तर चासीवर हात फिरवा. केबिनच्या मागची जागा आणि पाट्यांच्या कड्यांच्या आसपास वेल्डिंग, ताजा रंग किंवा केसासारखी चीर दिसली तर गाडीने ओव्हरलोड खाल्लेला आहे. इंजिन गरम करून ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या बाजूने दाब खाली गळतोय, इंजिनचं काम जवळ आलं. कागदांत फिटनेसची तारीख, थकलेली चलनं, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर लागतो, तो भरला आहे का तेही.

शोरूमला चाचणी घ्यायला जाल तेव्हा घरातली सगळी माणसं घेऊन जा, वडीलधाऱ्यांना मागे बसवा. गाडी रिकाम्या हौद्याने, रिकाम्याच्या हवेवर, जळगावच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे तर एखाद्या तुटलेल्या जोडरस्त्यावर चाळीसच्या वेगाने चालवून बघा. मागच्या सीटची पाठ किती सरळ आहे आणि एसीची हवा मागे पोहोचते का, हे त्यांनाच विचारा, आणि चाचणी दुपारी दोनला घ्या, सकाळी नऊला नाही. गाडी ताब्यात आल्यावर पहिल्यांदा पूर्ण वजन टाकून हजारेक किलोमीटर झाले की मागचे पाटे आसाला बांधणारे यू-बोल्ट कंपनीच्या टॉर्कवर पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसले की ते थोडे सैल होतात. सैल यू-बोल्टने मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि आस तिरका सरकतो. गाडी एका बाजूला ओढायला लागल्यावर लोक अलाइनमेंट करत बसतात, आणि बिघाड असतो मागे.